काडीतल्या मुंग्या : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मागच्या अंकात वाळक्या काड्यांत घर करणाऱ्या मुंग्यांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक होते ते आखूड केलेत, आणि नावं कुणाचीच टाकलेली नाहीत.

प्रश्न : जमिनीतलं वारूळ लगेच दिसतं, पण काडीतलं घर बाहेरून कळतच नाही. झाडाखालच्या ढीगभर काड्या मोडून बघितल्या, एकीतही मुंगी नाही. चुकतंय कुठे?

खाली बघताय, वर बघत नाही, हे पहिलं. झाडावरच राहणाऱ्या मुंग्यांना मेलेली पण अजून झाडालाच लटकलेली काडी आवडते, कारण ती वाऱ्यावर सुकलेली असते, आत ओल नसते, बुरशी नसते. जाडी साधारण पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक. वाकवली की कट्कन मोडणारी काडी बघा, नुसतीच लवते ती अजून जिवंत आहे आणि हातात भुगा होते तिची वेळ निघून गेलीय. खाली पडलेल्या काड्यांत काहीच नसतं असं नाही हां, टेम्नोथोरॅक्स नावाच्या दोन-तीन मिलिमीटरच्या मुंग्या तर जमिनीवरच्या काड्यांत, किड्याने पोखरलेल्या ओकच्या फळांत, दगडाच्या फटीतसुद्धा राहतात, पण तिथेही चिखलात रुतलेली गिळगिळीत काडी सोडून जरा वर तरंगत असलेली, पानांच्या थरावर पडलेली काडी आधी उचला.

आता खरी खूण म्हणजे भोक. यातल्या बऱ्याच मुंग्या कडक लाकूड स्वतः कोरत नाहीत, भुंग्याची अळी आतून लाकूड खात खात बोगदा करते, मोठी होऊन भोक पाडून उडून जाते आणि मग त्या रिकाम्या बोगद्यात मुंग्या राहायला येतात. म्हणजे मुंगी शोधायची तर आधी भुंग्याने सोडलेलं घर शोधायचं. लांब मिशांच्या भुंग्यांची भोकं गोल किंवा लंबगोल असतात, चमकदार रत्नभुंग्यांची एका बाजूने चपटी असतात. एक-दोन मिलिमीटरचं भोक असलं, त्याची कड गुळगुळीत झालेली असली किंवा चावलेल्या लाकडाचा भुसा नाहीतर माती लावून ते आणखी बारीक केलेलं दिसलं तर घरात कुणीतरी आहे असं समजा. ज्या झुडपांच्या नि वेलींच्या काड्यांत मऊ भेंड असतं तिथे मात्र मुंग्या स्वतःच पोखरतात, अशा काडीचं मोडलेलं टोक बघा, मधोमध स्वच्छ गोल भोक असतं. वाळलेल्या गवताची जाड ताटं, फुलांचे वाळके दांडे, झाडावरच्या जुन्या गाठी हेसुद्धा बघायचं राहून जातं लोकांचं.

आणि मोडण्याआधी थांबा. काडी कुठल्या झाडावर होती, जमिनीपासून किती उंच, लटकलेली की पडलेली, भोक केवढं, हे आधी लिहून घ्या. एकदा काडी फुटली की ही माहिती गेली, आणि पुढे नाव शोधताना हीच अर्ध्याहून जास्त कामाला येते असं माझं ठाम मत आहे. मग खाली पांढरा ट्रे, नाहीतर पांढरं कापड धरायचं आणि त्यावर काडी मोडायची. पोकळ वाटली की सुरीने उभी चिरा, आडवी मोडत बसलात तर आतल्या अळ्या चिरडतात. लगेच कुणी बाहेर आलं नाही म्हणून फेकून देऊ नका, काही मुंग्या दचकून आतच गप्प बसतात, मिनिटभराने हलायला लागतात.

तरीही बहुतेक काड्या रिकाम्याच निघतील, त्याला इलाज नाही. कंटाळा आला तर उलटा मार्ग घ्या, खोडावर मधाचा थेंब किंवा टिनमधल्या माशाचा कण ठेवा आणि खाऊन परत निघालेल्या मुंगीच्या मागे डोळे लावून बसा, ती घरचा पत्ता दाखवते.

प्रश्न : काडीत पांढरे किडे निघाले, त्या मुंग्याच का? दुसऱ्या एका काडीत चिखलाचे कप्पे होते.

पांढरे मऊ किडे, कंबर बारीक नाही आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ, तर ती वाळवी. वाळक्या लाकडात राहणाऱ्या वाळव्या असतातच. मुंगीची मिशी कोपरात वाकलेली असते, पहिला भाग लांब दांड्यासारखा नि पुढे तुकडे तुकडे, आणि छाती-पोटाच्या मध्ये एक किंवा दोन गाठी असतात. या दोन गोष्टी दिसल्या की मुंगी. चिखलाचे नाहीतर भुश्याचे कप्पे आणि प्रत्येकात एक अळी असेल तर ते एकट्या राहणाऱ्या मधमाशीचं किंवा गांधीलमाशीचं काम, सेराटिना नावाच्या छोट्या मधमाश्या भेंडाच्या काड्यांत अगदी असेच कप्पे करतात. तशी काडी परत जोडून ठेवून द्या, आत पुढची पिढी आहे.

प्रश्न : मुंगी सापडली, पण ओळखायची कशी? सगळ्या काळ्या नि सगळ्या बारीक दिसतात. रंगावरून काही ठरतं का?

रंग सगळ्यात शेवटी. लोक रंग नि मापावरून सुरुवात करतात आणि तिथेच घसरतात. तीन जागा बघा : कंबर, पोटाचं टोक आणि चेहरा. दहापट मोठं दाखवणारी साधी लेन्स यासाठी पुरते.

कंबरेला एकच गाठ असेल तर पोटाच्या टोकाकडे जा. टोकाला बारीक गोल छिद्र आणि त्याभोवती केसांची झालर असली तर फॉर्मिसिनी उपकुळ (मुंग्यांच्या कुळाची एक मोठी शाखा), म्हणजे कॅम्पोनोटस वगैरे मुंगळ्यांची मंडळी, कोलोबॉप्सिस, पाठीवर काटे असलेल्या पॉलिरॅकिस. यांना नांगी नसते, फॉर्मिक आम्ल फवारतात. छिद्राऐवजी आडवी चीर असली तर डॉलिकोडेरिनी, यांनाही डंख नाही, पण बऱ्याच जातींना चिरडल्यावर तीव्र वास येतो, तो वास एकदा नाकात बसला की लेन्सशिवायही ओळख पटते. एक गाठ आणि वर नांगीही, असं असेल तर बहुतेक पोनेरिनी.

दोन गाठी असतील तर मामला आणखी रंगतो, कारण काड्यांतल्या बऱ्याच मुंग्या इथेच येतात. मधलं शरीर नि पोट लांबुळकं, डोळे प्रचंड मोठे, चाल झटपट आणि एकटीदुकटी फिरणारी, तर स्यूडोमिरमेसिनी. या उपकुळात तीनच प्रजाती-गट (जवळच्या जातींचे गट) आहेत आणि जग त्यांनी वाटून घेतलंय : आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलियाकडे टेट्रापोनेरा, अमेरिकेकडे स्यूडोमिरमेक्स आणि अगदी छोटा मिरसिड्रिस. म्हणजे तुम्ही कुठल्या खंडात उभे आहात यावरच निम्मं नाव ठरतं. (स्यूडोमिरमेक्स ग्रॅसिलिस मात्र माणसाच्या सामानाबरोबर हवाईपर्यंत पोचलीय, तेव्हा बंदराजवळ जरा सावध.)

पोट वरून बदामाच्या आकाराचं, टोकदार, आणि डिवचलं की ते पोट उचलून डोक्यावर आणते, ती क्रेमॅटोगॅस्टर. हे तिला जमतं कारण कंबरेची दुसरी गाठ पोटाच्या पुढच्या टोकाला न जोडता वरच्या बाजूला जोडलेली असते, बाजूने लेन्स लावा, साफ दिसतं. ही ओळख इतकी पक्की आहे की नवख्या माणसाने पहिली हीच शिकावी.

अंग खरबरीत, काटेरी, डोकं चपटं रुंद, पाय आखूड आणि धोका वाटला की फांदीला चिकटून बसणारी किंवा सरळ उडी टाकणारी, तर आशिया-आफ्रिकेत कॅटॉलॅकस आणि अमेरिकेत सेफॅलोटीस. सेफॅलोटीस ॲट्रॅटस तर झाडावरून पडली की हवेतच अंग वळवून, पोट पुढे करून, परत त्याच झाडाच्या खोडाला येऊन चिकटते, हे 2005 मध्ये नेचर या शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं होतं. म्हणून ट्रेमध्ये मुंगी पडण्याऐवजी खोडाकडे तिरकी गेली तर ट्रेला दोष देऊ नका.

उरलेल्या फिकट तपकिरी, बारक्या, मोडलेल्या काडीतही घाई न करणाऱ्या, पाठीवर दोन छोटे काटे असणाऱ्या मुंग्या, एका काडीत पन्नास-शंभर फार तर काहीशे, तर टेम्नोथोरॅक्सचा विचार करा. मिशीचे तुकडे मोजा, त्यात काही जातींना 11 आणि काहींना 12 असतात आणि पुढची ओळख त्यावरच ठरते.

प्रजाती-गटापर्यंत पोचलात तर थांबलात तरी चालेल, खरंच. जातीचं नाव लावायला बऱ्याचदा सूक्ष्मदर्शक लागतो आणि त्या भागातल्या मुंग्यांची ‘चावी’, म्हणजे एकेक खूण जुळवत नावापर्यंत नेणारी यादी लागते, फोटो बघून अंदाजे लावलेलं जातीचं नाव रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट.

प्रश्न : बारीक, लांब, काळ्या मुंगीने असा डंख केला की हात तासभर ठणकत होता. कुठली असेल? आणि तशाच दिसणाऱ्या एकीने चक्क उडी मारून दोरा सोडला!

पहिली टेट्रापोनेरा किंवा अमेरिकेत असाल तर स्यूडोमिरमेक्स. यांच्यातल्या काडीत राहणाऱ्या लहान जाती बऱ्याचदा पळूनच जातात, पण कपड्यात अडकल्या की डंखतात. दक्षिण आणि आग्नेय आशियातली टेट्रापोनेरा रुफोनायग्रा मोठी आहे, डोकं नि पोट काळं आणि मधला भाग तांबूस, ती मेलेल्या फांद्यांत नि खोडांत राहते आणि तिचा डंख चांगलाच लागतो, काही लोकांना त्याची जबरदस्त ॲलर्जी आल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. नुसतं दुखत असेल तर थंड पाणी लावा, पण अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वास लागायला लागला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. काड्या मोडताना बाह्या खाली आणि हातमोजे, एवढं करा.

दुसरी मुंगी नाहीच, कोळी आहे. मिरमॅराक्नी गटातले उड्या मारणारे कोळी या मुंग्यांची नक्कल करतात, पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून हलवत चालतात. पाय मोजा, आठ भरले की प्रश्न मिटला. आणि मुंगी कधी दोरा सोडून लटकत नाही.

प्रश्न : काडीच्या भोकात एक गोल चपटं डोकं घट्ट बसलेलं दिसलं. मुंगी अडकून मेली होती का?

मेली नव्हती, ड्युटीवर होती! कोलोबॉप्सिसच्या मोठ्या कामकरी मुंग्यांचं डोकं पुढून कापल्यासारखं सपाट असतं आणि त्या ते बाटलीच्या बुचासारखं भोकात घालून बसतात, बाहेरून घरचीच मुंगी आली, मिशीने टकटक केलं, की मागे सरकून तिला आत घेतात. सेफॅलोटीसच्या काही जातींत हेच काम थाळीसारख्या डोक्याने होतं आणि भोक डोक्याला किती नेमकं बसतं यावर ते घर राखणं किती सोपं हे ठरतं. म्हणून भोकाचं माप लिहा म्हणतो ना मी, ते इथे कामाला येतं. कोलोबॉप्सिस पूर्वी कॅम्पोनोटसचाच उपगट धरत, 2016 मध्ये ती वेगळी केली, त्यामुळे जुन्या पुस्तकात शोधाल तर तिथे बघा.

युरोपात कोलोबॉप्सिस ट्रंकाटाच्या छोट्या कामकरी मुंग्या आणि काड्यांतच राहणारी डॉलिकोडेरस क्वाड्रिपंक्टेटस या दोघी फांदीवर चालताना इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या डोळ्याला फसायला होतं. पोटाचं टोक बघितलं की भांडण संपतं, एकीला गोल छिद्र, दुसरीला चीर.

दार डोक्याने बंद करण्याचा आणखी एक किस्सा सांगायचा मोह होतोय. मलेशियात कॅटॉलॅकस म्युटिकस ही मुंगी मोठ्या बांबूच्या पेरांत राहते, जोराचा पाऊस आला की काही जणी डोक्यांनी भोक अडवतात, तरी पाणी आत शिरलं तर बाकीच्या ते पितात, बाहेर येतात आणि पोटाच्या टोकातून थेंब थेंब टाकून देतात. 2000 साली याचं शास्त्रीय वर्णन आलं आणि शीर्षकात सरळ ‘सामूहिक लघवी’ असंच म्हटलं होतं.

प्रश्न : एकाच काडीत काही मुंग्या तपकिरी, काही पिवळ्या फटक. दोन जाती एकत्र राहतात का?

आधी सोपं कारण बघा. कोषातून नुकतीच निघालेली मुंगी फिकट असते, अंग कडक व्हायला आणि रंग धरायला वेळ लागतो. अशा मुंग्या अळ्यांच्या आसपास असतात, चाल जरा डळमळीत असते.

तसं नसेल आणि मुंग्या टेम्नोथोरॅक्स असतील, तर पिवळ्या मुंग्यांच्या पोटात फीतकृमी असू शकतो. युरोपातल्या टेम्नोथोरॅक्स नायलँडेरीमध्ये अ‍ॅनोमोटेनिया ब्रेव्हिस नावाचा कृमी सापडतो, त्याची अंडी सुतार पक्ष्याच्या विष्ठेत असतात, कामकरी मुंग्या ती अळ्यांना भरवतात, आणि त्या अळीची मोठी मुंगी झाली की ती पिवळसर राहते, काम फारसं करत नाही, घरातच बसून असते, बाकीच्या तिची जास्तच सरबराई करतात. आणि ती जगते फार, 2021 मध्ये आलेल्या एका अभ्यासात या आजारी मुंग्या राणीच्या तोडीस तोड जगताना दिसल्या. कृमीचा फायदा उघड आहे, सुतार पक्षी कधीतरी काडी फोडून त्यांना खाणार, तोवर मुंगी टिकली पाहिजे. म्हणजे तुम्ही जे दोन जाती म्हणून लिहिणार होतात ते एकाच आईच्या मुली निघू शकतात.

खरोखर दोन जातीही असतात, नाही असं नाही. उत्तर अमेरिकेतली टेम्नोथोरॅक्स अमेरिकानस दुसऱ्या टेम्नोथोरॅक्सच्या घरावर धाड घालून कोष पळवते आणि त्यातून निघालेल्यांकडून आपलं घर चालवून घेते. तिथे मात्र फरक डोक्याच्या नि जबड्याच्या ठेवणीत बघायचा.

प्रश्न : काडी पूर्ण उघडली, अळ्या, कोष, कामकरी सगळं होतं, राणी कुठेच नाही. पळाली का?

पळालीही असेल, पण बहुतेक ती शेजारच्या काडीत आहे. काडीत जागा किती असणार, म्हणून बऱ्याच जातींचं एकच कुटुंब पाच-सहा काड्यांत पसरलेलं असतं आणि राणी त्यातल्या एखाद्याच काडीत. त्याच फांदीवरच्या दुसऱ्या काड्या बघा. राणी ओळखताना छाती बघा, फुगीर असते आणि पंख गळल्याच्या खुणा बाजूला दिसतात. मोनोमोरियम फ्लोरिकोलासारख्या काही जातींच्या राण्यांना मुळात पंखच नसतात, त्या कामकरीच्याच मोठ्या बहिणी वाटतात. आणि लहान डोक्याचे, मोठ्या डोळ्यांचे, पंखवाले ‘गांधीलमाशीसारखे’ कुणी दिसले तर ते नर, त्यांना दुसरं काहीतरी समजून सोडू नका.

प्रश्न : काही झाडांच्या जिवंत फांद्या, काटेसुद्धा फुगीर असतात नि आत मुंग्या असतात. त्या उघडून बघायच्या का?

नको. ते वाळकं टाकाऊ घर नाही, झाडाने स्वतः करून दिलेलं आहे आणि मोडलं की झाड नि मुंगी दोघांचं नुकसान. मध्य अमेरिकेतल्या काटेरी बाभळीत स्यूडोमिरमेक्स फेरुजिनियस पोकळ काट्यांत राहते आणि झाड खायला आलेल्यांना डंखून पळवते, जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी 1966 मध्ये हे दोघं एकमेकांवर कसे अवलंबून आहेत ते प्रयोग करून दाखवलं. पूर्व आफ्रिकेतल्या शिट्टी वाजवणाऱ्या काट्यांच्या बाभळीवर टेट्रापोनेरा पेन्झिगी आणि क्रेमॅटोगॅस्टरच्या तीन जाती जागेसाठी भांडत असतात. पश्चिम घाटातल्या हम्बोल्टिया ब्रुनोनिस या झाडाच्या फुगीर पेरांना तर आपोआप फट असते, त्यात मुंग्यांबरोबर चक्क एक गांडूळही राहतं. अशा ठिकाणी फटीबाहेर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढायचे, बास.

प्रश्न : मी नववीत आहे. मुंगीचा फोटो पाठवला तर तुम्ही नाव सांगाल का? मोबाईलनेच काढतो.

पाठव की, पण एक नको, तीन पाठव. एक बाजूने, ज्यात कंबरेच्या गाठी दिसतील, एक वरून, आणि एक समोरून चेहऱ्याचा. अँटवेब या मुंग्यांच्या संकेतस्थळावरही फोटो याच तीन बाजूंनी असतात, त्यामुळे तुला स्वतःलाच जुळवून बघता येईल, आम्हाला विचारायची गरजही पडणार नाही कदाचित. मोबाईलला छोटी क्लिपवाली मॅक्रो लेन्स लाव, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेव, आणि मुंगी फार पळत असेल तर छोट्या डबीत घालून काही मिनिटं फ्रीजमध्ये ठेव, सुस्त होते, मरत नाही. फोटोबरोबर काडीचाही फोटो हवा, भोकासकट! जपून ठेवायची असेल तर 95 टक्के अल्कोहोलमध्ये दोन-चार कामकरी पुरतात (हे मोठ्यांच्या हातून करून घे), आणि जागा, तारीख, झाड, उंची लिहिलेली चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाक, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. राखीव जंगलात मात्र परवानगीशिवाय काही उचलायचं नाही.

प्रश्न : फोडलेल्या काडीतल्या मुंग्यांचं नंतर काय होतं? घरी आणून पाळाव्यात का?

पाळायची घाई नको, विशेषतः दुसऱ्या गावाहून आणलेल्या तर अजिबात नको, सुटल्या तर तिथल्या मुंग्यांना त्रास. बघून झालं की काडीचे दोन्ही अर्धे परत जुळवून दोऱ्याने सैल बांधा, होती त्याच फांदीवर अडकवा, आणि ट्रेमधल्या अळ्या-कोष काडीच्या तोंडाशी ओता, मुंग्या उचलून नेतात. घर फारच फुटलं असेल तर शेजारी दुसरी रिकामी, पोकळ, कोरडी काडी ठेवा. टेम्नोथोरॅक्स असतील तर बघण्यासारखं असतं : काही जणी नवी जागा तपासून येतात, पसंत पडली तर एकेका बहिणीला मागे घेऊन वाट दाखवत नेतात, मागची मिशीने पुढचीला स्पर्श करत राहते, ती मागे पडली तर पुढची थांबते, आणि नव्या काडीत पुरेशी गर्दी जमली की मग वाट दाखवणं बंद, उरलेल्यांना, अळ्यांना नि राणीला सरळ उचलून न्यायला सुरुवात. प्रयोगशाळेत काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवलेल्या घरात हेच सगळं होतं, आणि बरेचदा काही तासांत उरकतं, तेव्हा संध्याकाळच्या आत काडी फोडली असेल तर थांबून बघता येईल.